लाकडी यानात सूट घालून शिरून बघण्यात नेमकं काय हशील होतं?

वेडाविचारी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी,

सध्या अपोलोच्या लूनर मॉड्यूलवर, म्हणजे चंद्रावर उतरणाऱ्या यानावर (पुढे नुसतं एलएम म्हणतो) हाताला लागेल ते वाचतोय. नोव्हेंबर १९६२ मध्ये नासाने हे यान बनवायचं काम ग्रमन कंपनीला दिलं. न्यूयॉर्कच्या बाजूला लाँग आयलंडवर बेथपेज म्हणून गाव आहे, तिथे त्यांचा कारखाना. आणि पहिल्या वर्षात त्यांनी काय बनवलं, तर प्लायवूडचं यान! सप्टेंबर १९६३ मध्ये एम-१ नावाचा लाकडी मॉक-अप (म्हणजे बघण्यापुरती खऱ्या मापाची नक्कल), मार्च १९६४ मध्ये टीएम-१, तोही लाकडीच, आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये धातूचा एम-५. दर वेळी ह्यूस्टनच्या नासा केंद्रातून लवाजमा यायचा, अंतराळवीर सूट चढवून आत शिरायचे, बाहेर पडायचे, कुठल्या बटणापर्यंत हात पोचतो ते बघायचे, आणि मग बदलांची लांबलचक यादी निघायची.

माझं म्हणणं असं की एलएमला शेवटी जो आकार आला तो ड्रॉइंगबोर्डापेक्षा या खोक्यांमुळे आला. ऑफिसातल्या एका मित्राचं म्हणणं बरोबर उलटं: मापं कागदावर होतीच, हा सगळा वरिष्ठांना आणि फोटोग्राफरांना खूश करायचा कार्यक्रम. इथे डिझाइनवाले, डॉक्टर, सुतारकाम करणारे सगळेच आहेत म्हणून विचारतो. तुमचं काय मत?

टवाळ
मी पयला! आता वाचून येतो.

कासवछाप
चांगला धागा. मी गाड्यांच्या इंटिरिअर डिझाइनमध्ये आहे, त्यामुळे मत एकतर्फी असणार हे आधीच सांगतो.

मॉक-अपचं सगळ्यात मोठं फळ म्हणजे खुर्च्या गेल्या. सुरुवातीच्या डिझाइनमध्ये एलएमच्या केबिनला हेलिकॉप्टरसारख्या मोठ्या फुगीर काचा होत्या आणि दोघांना बसायला नीट सीट. माणूस बसला की डोळे काचेपासून लांब जातात, मग खाली जमीन दिसायला काच मोठी हवी. काच मोठी म्हणजे वजन आलं, आणि ग्रमनवाले तिथे एकेका पौंडासाठी भांडत होते. शिवाय जाडजूड सूट घातलेल्या माणसाचे गुडघे पॅनेलला टेकायचे. त्यांनी आधी बारमधल्या उंच स्टुलासारखी बैठक, मग धातूच्या पिंजऱ्यासारखा आधार असे प्रकार करून पाहिले. शेवटी ह्यूस्टनच्या इंजिनिअरांनी विचारलं की सीट हवीच कशाला? उतरण्याचा प्रवास थोडक्या वेळाचा, धक्के बेताचे. उभंच राहू द्या.

उभं केल्यावर डोळे काचेजवळ आले आणि काचा एकदम लहान, तिरप्या, त्रिकोणी झाल्या. वजन वाचलं आणि दिसायलाही जास्त लागलं. पुढे दोघांना जागेवर धरून ठेवायला कमरेला पुलीवरून येणाऱ्या केबल आणि पायाखाली वेल्क्रो. अंतराळवीर पीट कॉनराडकडे त्या काळात कॉकपिटच्या मांडणीचंच काम होतं आणि त्याला हे उभं राहणं भलतंच पसंत पडलं.

आता ही कल्पना कागदावर सुचू शकते. पण "उभं राहून उतरवता येईल" हे वैमानिकांना पटायला खोक्यात उभंच राहावं लागतं. वैमानिकाला खुर्ची सोडायला सांगून बघा कधी.

टवाळ
म्हणजे चंद्रावरही स्टँडिंगच. आणि आम्ही लोकलला उगाच नावं ठेवतो.

नेमकेपणा
कासवछाप, तुमचा प्रतिसाद आवडला, पण श्रेय जरा सढळ हाताने वाटताय. सीट काढण्याचा निर्णय वजनाच्या हिशेबातून आला. मॉक-अपने त्यावर शिक्का मारला, इतकंच.

दाराचंही तेच. सगळीकडे गोष्ट अशी सांगतात की पुढचं दार गोल होतं, सूट घातलेला अंतराळवीर पाठीवरच्या ऑक्सिजनच्या पेटीसकट त्यात अडकला आणि मग दार चौकोनी केलं. पण दार गोल का होतं हे कुणी सांगत नाही. मूळ योजनेत एलएमला दोन ठिकाणी डॉकिंग करता (दुसऱ्या यानाला जोडता) येणार होतं, वरच्या दाराने आणि पुढच्या दाराने. डॉकिंग म्हणजे गोल कडं आलंच. पुढचं डॉकिंग रद्द झालं तेव्हा कुठे दाराचा आकार बदलायची मोकळीक मिळाली. डॉकिंग राहिलं असतं तर कितीही जण अडकले असते तरी दार गोलच ठेवावं लागलं असतं.

आणि आज तर संगणकात माणसाचं मॉडेल टाकून पोहोच, नजर, सांध्यांचे कोन सगळं बघता येतं. लाकूड कापायची गरज उरलेली नाही.

सुतारपक्षी
लाकूड कापायची गरज नाही म्हणणाऱ्यांचा निषेध! आमच्या पोटावर पाय आणताय.

मी नाटकांचे आणि प्रदर्शनांचे सेट बांधतो. कागदावर अडीच फुटांचं दार पुरेसं दिसतं. नऊवारी नेसलेली बाई हातात आरतीचं ताट घेऊन त्यातून आली की समजतं. दाराचं माप एक असतं आणि त्यातून जाणाऱ्याचं माप त्या क्षणी दुसरंच झालेलं असतं. ती वळते, वाकते, तिचं लक्ष ताटातल्या निरांजनावर असतं. म्हणून आम्ही आधी नुसत्या बॅटन ठोकून चौकट उभी करतो आणि नटांना चार वेळा आत-बाहेर करायला लावतो. त्याला रंग नसतो, बिजागरी नसते, पण भांडणं सगळी तिथेच मिटतात.

मोगरा_७
नेमकेपणा, तुम्ही कधी पीपीई किट घातलंय का? मी नर्स आहे. कोविडच्या लाटेत आमच्याकडे घाईने एक नवा वॉर्ड तयार केला. ड्रॉइंग छान, खाटांमधलं अंतर नियमाप्रमाणे. आणि किट बदलायच्या खोलीच्या दाराला गुळगुळीत गोल नॉब! दोन-दोन ग्लोव्ह, वरचा सॅनिटायझरने ओला. नॉब नुसता हातात फिरायचा, दार उघडायचं नाही. कोपराने दाबता येईल असा दांडा बसवा हे सांगायला कुणाही इंजिनिअरची गरज नव्हती. किट घातलेल्या एका माणसाने एकदा त्या दारातून जाऊन बघायला हवं होतं.

संगणकातल्या माणसाला घाम येतो का? त्याच्या गॉगलवर वाफ धरते का? तो चिडतो का?

नेमकेपणा
ताई, मुद्दा मान्य. पण तुमचं उदाहरण चाचणी न केल्याचं आहे. चाचणी लाकडातच करायला हवी हे त्यातून सिद्ध होत नाही.

कासवछाप
मोगराताईंनी हाताचं काढलं ते फार महत्त्वाचं आहे, कारण इथे सगळा खेळ फुगलेल्या सूटचा आहे.

अपोलोच्या सूटमध्ये दाब साधारण ३.७ पीएसआय, म्हणजे आपल्या इथल्या हवेच्या दाबाचा चौथा हिस्सा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण बाहेर निर्वात आणि आत एवढा दाब असला की सूट ताठ होतो, त्याला स्वतःची ठेवण असते आणि तुम्ही हात वाकवलात की तो सरळ व्हायला बघतो. मूठ आवळणं म्हणजे दर वेळी व्यायाम. अपोलो १५ च्या डेव्ह स्कॉटची बोटांची टोकं नखांखाली रक्त साकळून ठणकत होती. जमिनीवर मॉक-अपमध्ये हाच ताठपणा आणायचा तर सूटमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा ३.७ जास्त दाब भरायचा. तेवढं केलं की माणूस बदलतो. खांदे रुंद होतात, मान वळत नाही, स्वतःची छाती आणि पाय दिसत नाहीत. मोजपट्टी तुम्ही कुठल्या माणसाला लावणार, सूटमधल्या की बाहेरच्या?

आणि यात गंमत अशी की १९६४ मध्ये सूटही तयार नव्हता! काम हॅमिल्टन स्टँडर्ड कंपनीकडे, त्यांच्या हाताखाली आयएलसी ही दुसरी कंपनी, दोघांचं पटेना. १९६५ मध्ये पुन्हा स्पर्धा घेतली आणि तेव्हा आयएलसीचा सूट निवडला गेला. त्यामुळे बेथपेजला अंतराळवीर जे घालून आत शिरले ते नमुन्याचे सूट होते आणि पाठीवर होती पेटीच्या आकाराची नक्कल. कच्च्या यानात कच्चा सूट. दोन्ही बाजू हलत असताना त्यांच्यामधली फट नेमकी किती, हे गणिताने कसं काढणार होते?

जिज्ञासू_नगरकर
हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

एक बाळबोध शंका. पृथ्वीवर चाचणी केली तर वजन पृथ्वीचंच लागणार ना? चंद्रावर सहावा हिस्सा. मग शिडी चढता येते की नाही हे बेथपेजमध्ये कसं समजलं?

वेडाविचारी
नगरकर, शंका अजिबात बाळबोध नाही. त्यासाठी तारा, पुली आणि प्रतिवजनं लावून माणसाला वरून टांगत. सहापैकी पाच हिस्से वजन तार उचलणार, उरलेला एक पायावर. त्या यंत्रणेला "पीटर पॅन" असंच म्हणत.

मुळात शिडी नव्हतीच! वजन वाचवायला गाठी मारलेला दोर लोंबकळत ठेवायचा बेत होता. चंद्रावर हलके असणार, दोर धरून सरसर चढतील असा हिशेब. पीटर पॅनवर सूट घालून करून पाहिलं आणि तो हिशेब कोसळला. ताठ बोटांनी गाठ धरता येत नाही, पाय कुठे टेकतोय ते दिसत नाही, आणि दोराला लटकलेला माणूस पाठीवरच्या ओझ्याने गरगरतो. मग पुढच्या पायाला नऊ पायऱ्यांची शिडी आली आणि दाराबाहेर छोटासा ओटा आला. रांगत मागे सरकत ओट्यावर यायचं, कठडा धरायचा आणि पाय खाली सोडायचा. आर्मस्ट्राँग उतरतानाचं जे चित्र आपल्या डोक्यात आहे त्यातली प्रत्येक हालचाल अशी ठरलेली आहे.

सुतारपक्षी
तार आणि पुली! संगीत नाटकात नारद वरून उतरवायचे तीच युक्ती. फक्त आमच्या नारदाच्या पाठीवर ऑक्सिजन नसायचा.

टवाळ
वीणा असायची की. तिचा आकार तर त्या पेटीपेक्षा अवघड.

नेमकेपणा
तारेच्या यंत्रणेबद्दल जरा सावध. तार फक्त शरीराचं धड उचलते. हात-पाय आपापल्या पूर्ण वजनानेच लोंबतात. सूटही पृथ्वीवरच्याच वजनाने खांद्यावर बसतो. वरून तार एका बिंदूला असली तर माणूस लोलकासारखा परत मध्ये खेचला जातो, म्हणजे तोल सावरायला फुकटची मदत. सहावा हिस्सा खरा अनुभवायचा तर विमान वर-खाली झेपावत नेतात, पण तिथे वेळ मिळतो अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर. पाण्यात बुडवून करायची पद्धत आणखी वेगळी. जून १९६६ मध्ये अपोलोच्या आधीच्या जेमिनी ९ यानातून अंतराळवीर सर्नान बाहेर पडला आणि पकडायला धड काही नसल्याने इतका दमला की काचेवर वाफ धरून त्याला दिसेनासं झालं. मग जेमिनी १२ साठी ऑल्ड्रिनने बाल्टिमोरजवळच्या एका शाळेच्या तलावात सराव केला आणि नोव्हेंबरमध्ये सगळी कामं शांतपणे उरकली.

माझा मुद्दा इतकाच, की मॉक-अप जे विचारलं तेवढंच सांगतो.

लाँगआयलंडकर
उशिरा आलो, पण हा आमच्या गल्लीतला विषय आहे. गार्डन सिटीमध्ये क्रेडल ऑफ एव्हिएशन म्हणून संग्रहालय आहे, बेथपेजपासून गाडीने थोड्या अंतरावर. तिथे एलएम-१३ ठेवलंय. चंद्रावर जाण्यासाठीच बांधलं होतं, पुढच्या मोहिमा रद्द झाल्या म्हणून घरी राहिलं. भारतातून पाहुणे आले की आम्ही मॅनहॅटन झाल्यावर तिथे नेतो. मुलं खूश, आजी-आजोबा आधी बाक शोधतात.

फोटोत लक्षात येत नाही, पण समोर उभं राहिलं की पहिली नजर दारावर जाते. जेमतेम ३२ इंचांचा चौकोन, कोपरे गोलावलेले. आणि तो दोघांच्या गुडघ्यांच्या उंचीवर आहे, म्हणजे आतल्या माणसाला आधी जमिनीवर गुडघे टेकायचे, मग मागे वळून न बघता पाय बाहेर घालायचे. माझ्या सासऱ्यांनी (फॅक्टरीत फोरमन होते) एकच प्रश्न विचारला, "हे उघडतं कुठल्या बाजूला?" आत. आणि बिजागरी उजवीकडे.

जिज्ञासू_नगरकर
उजवीकडे म्हणजे ऑल्ड्रिन उभा होता तिकडे? मग आर्मस्ट्राँग पहिला उतरला तो दारामुळे?

टवाळ
आला, आला, विषय आला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लाँगआयलंडकर
अधिकृत उत्तर तेच होतं. दार आत उघडून उजवीकडच्या माणसाला कोपऱ्यात दाबतं. डावीकडच्या कमांडरला वाट मोकळी. दोघांनी पेट्या पाठीवर घेऊन जागा बदलायच्या तर त्या केबिनमध्ये काहीतरी मोडणारच.

कासवछाप
पण नासाच्या ख्रिस क्राफ्टने नंतर लिहून ठेवलंय की त्याने आणि गिलरुथ, लो, स्लेटन या नासाच्याच वरिष्ठांनी मिळून आर्मस्ट्राँगचा स्वभाव बघून आधीच ठरवलं होतं. दार हे सोयीचं कारण. माझ्या मते दोन्ही खरं. तसंही दाराशी भांडून कुणी जिंकलं नसतं.

नेमकेपणा
सोयीचं कारण खरंही असू शकतं. पुढे चला.

मोगरा_७
"काहीतरी मोडणारच" वरून आठवलं, खरोखर मोडलं होतं ना काहीतरी?

वेडाविचारी
हो! आणि नेमकेपणांच्या "विचारलं तेवढंच सांगतो" याला याहून चांगला दाखला मिळणार नाही. अपोलो ११ चे दोघं चंद्रावर फिरून आत आले आणि ऑल्ड्रिनला जमिनीवर तुटलेलं बटण दिसलं. वर नेणाऱ्या इंजिनाला चालू करणाऱ्या सर्किट ब्रेकरचं! बहुधा पाठीवरची पेटी घासून तुटलं. शेवटी त्याने स्केच पेनसारखं पेन त्या भोकात घालून ब्रेकर आत दाबला.

इतके मॉक-अप, इतके सराव, आणि तरी पेटीचा कोपरा नेमका तिथे लागला.

नेमकेपणा
धन्यवाद. आणखी एक, यापेक्षा फार गंभीर. जानेवारी १९६७ मध्ये जमिनीवरच्या सरावात अपोलो १ च्या मुख्य यानाला (एलएमला नव्हे) लागलेली आग. दार आत उघडणारं, अनेक भागांचं, सगळं सुरळीत असताना उघडायलाही दीडेक मिनिट. त्या केबिनमध्येही अंतराळवीर सूट घालून असंख्य वेळा बसले होते. पोहोच बघितली, नजर बघितली. शुद्ध ऑक्सिजन भरलेला आणि आत आग लागली तर काय, हा प्रश्न मात्र कुणी नीट लावून धरला नाही. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी गेले, मग काही सेकंदांत बाहेर उघडणारं दार आलं.

कासवछाप
हे मान्य. यावर वाद नाही.

फक्त ग्रिसमचं नाव निघालं म्हणून. जेमिनीचं कॉकपिट बरंचसं त्याच्या देखरेखीखाली झालं आणि तो बुटका. १९६३ मध्ये लक्षात आलं की १६ पैकी १४ अंतराळवीर त्यात नीट मावतच नाहीत. मग आतली मांडणी बदलावी लागली. म्हणजे खऱ्या माणसाला बसवून बघितलं तरी कुठला माणूस बसवला हा प्रश्न उरतोच. आमच्याकडे गाडीचा सीटिंग बक (बसून बघायचा मॉक-अप) तयार झाला की एक ठेंगणी बाई आणि एक सहा फुटी माणूस आधी शोधतो. मधल्यांचं काय, ते कुठेही बसतात.

फुलपात्र
पाच फूट एक इंच. तुमच्या कंपनीत नोकरी मिळेल का?

कासवछाप
फुलपात्र, सीव्ही पाठवा. चहा-बिस्किटं मिळतात.

जिज्ञासू_नगरकर
आपल्या गगनयानाचं असं काही चालू आहे का? की आपण थेट संगणकावर?

लाँगआयलंडकर
चालू आहे. जुलै २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या बंदरात नौदलाने क्रू मॉड्यूलच्या (अंतराळवीर बसायच्या कुपीच्या) आकाराचा आणि वजनाचा मॉक-अप पाण्यातून उचलायचा सराव केला. डिसेंबर २०२४ मध्ये जहाजाच्या मागच्या भागात पाणी भरून मॉड्यूल ओढून आत घ्यायची चाचणी झाली. हे सूटमधल्या माणसांपेक्षा खलाशांसाठी आहे, पण तत्त्व तेच. समुद्रात हेलकावे खाणाऱ्या शंकूला दोर कोण, कुठे, कसा अडकवणार हे संगणक सांगत नाही. बंगळुरूच्या प्रशिक्षण केंद्रात आत बसून सराव करायचीही सोय आहे.

नेमकेपणा
इथे माझा संगणक हरला म्हणायला हरकत नाही. लाटा आणि दोर दोन्ही एकदम सिम्युलेट करणं महाग आहे. दोर ओला करणं स्वस्त.

सुतारपक्षी
हा प्रतिसाद फ्रेम करून वर्कशॉपमध्ये लावतो.

वेडाविचारी
आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे, कारण उत्तर आजही शोधलं जातंय. नासाच्या नव्या चंद्रमोहिमेसाठी, आर्टेमिससाठी, स्पेसएक्स कंपनीचं जे यान उतरणार आहे ते जवळपास ५० मीटर उंच. शिडीने उतरणं शक्यच नाही, म्हणून लिफ्ट. आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी काय केलं? कॅलिफोर्नियात लिफ्टचा मॉक-अप उभा केला आणि निकोल मान व डग व्हीलॉक या अंतराळवीरांना सूट घालून त्यात उभं केलं. फाटकाची कडी ग्लोव्हने लागते का, बटणं दाबता येतात का, सामान घेऊन दोघं मावतात का. संगणक त्यांच्याकडे आपल्यापेक्षा बरे असणार, तरीसुद्धा.

नेमकेपणा
बरे आहेत म्हणूनच पहिल्या खेपेत लिफ्ट एवढी नीट झाली असेल. ग्रमनला तीन मॉक-अप लागले.

मोगरा_७
फाटकाला गोल नॉब नाही ना?

लाँगआयलंडकर
ताई :))

शिडीवरून एक राहिलं. ती शिडी जमिनीपर्यंत पोचतच नाही, खालच्या पायरीनंतर साधारण तीन फूट मोकळे. कारण उतरताना पायांच्या आतला ॲल्युमिनिअमचा मधपोळ्यासारखा भाग चेपून पाय आखूड होतील असा अंदाज होता. आर्मस्ट्राँगने इतकं अलगद उतरवलं की फारसं काही चेपलंच नाही. त्यामुळे तो खाली उतरल्यावर आधी परत वर उडी मारून पायरी पकडता येते का ते बघून आला. चार महिन्यांनी कॉनराड उतरला, उंचीने कमी, आणि ओरडला की नीलसाठी हे पाऊल लहान असेल, माझ्यासाठी मोठंच आहे. केबिनची मांडणी ज्याने इतकी वर्षं घासून घेतली त्याच्याच वाट्याला ही उडी यावी!

फुलपात्र
मला तो कॉनराड आवडला. बुटक्यांचं दुःख बुटक्यांनाच समजतं.

जिज्ञासू_नगरकर
वेडाविचारी, लिफ्ट बंद पडली तर काय करणार आहेत हो ते?

वेडाविचारी
नगरकर, त्यावर वेगळा धागा काढा. इथे नेमकेपणा आणि सुतारपक्षी दोघांनाही आता झोपायला हवं.

टवाळ
दोर. गाठी मारलेला.